डिस्टॉर्शन लावलं की घूंऽऽ: घरच्या रेकॉर्डिंगमधला गिटारचा हम कुठून येतो आणि कसा पकडायचा

ठाणे आणि नवी मुंबईत घरात किंवा भाड्याच्या गाळ्यात इंडस्ट्रियल रॉक रेकॉर्ड करणाऱ्या मुलांकडून एकच तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते. क्लीन आवाज छान असतो, पण फझ (आवाज मुद्दाम खरखरीत, म्हणजे डिस्टॉर्ट करणारं पेडल) किंवा हाय गेन अँप सिम (संगणकातला अँप) लावला की मागे सलग घूं चालू होते आणि दोन रिफांमधली शांतता भरून जाते. बहुतेकांनी तोवर महागडा नॉइज गेट (वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारं उपकरण) घेतलेला असतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला. हा दोष पैसे न खर्चताही बऱ्याचदा सापडतो, फक्त तो योग्य क्रमाने शोधावा लागतो.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती अगदी गंभीरपणे सांगतोय. गिटारच्या तारांना, लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला किंवा माइकच्या जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पुढचं काही करू नका. सगळे प्लग काढा आणि थेट शेवटचा भाग वाचा. तो आवाजाचा दोष नाही, घरातल्या विजेचा आहे.

लक्षणं

आधी नीट ऐका. गिटार लावलेली, हात तारांपासून दूर, गेन नेहमीइतका.

जाड, सलग घूं असेल तर तो मेन्सचा, म्हणजे घरातल्या विजेचा हम. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हम 50 आणि 100 हर्ट्झवर येतो. ओळखायची सोपी खूण म्हणजे ट्यूनर चालू ठेवून काहीच वाजवू नका. ट्यूनरने ‘जी’ दाखवला आणि काटा थोडा वर राहिला, तर हा तोच. जी सूर 49 आणि 98 हर्ट्झवर आहे, आपला हम त्याच्या जरासा वर, म्हणजे कुठल्याच सुरात न बसणारा. अमेरिकन व्हिडिओंमध्ये 60 हर्ट्झ कापायला सांगतात, कारण त्यांची वीज 60 ची आहे. तो प्रीसेट जसाच्या तसा लावला तर हम तिथेच राहतो आणि गिटारचा मात्र एक तुकडा कापला जातो.

आवाज घूंपेक्षा धारदार, झर्रर असा असेल तर त्यात वरचे बरेच हार्मोनिक (मूळ कंपनाच्या पटीतले आवाज) आहेत. कारण बहुधा खोलीतलाच डिमर, फॅन रेग्युलेटर, एखादा दिवा किंवा स्वस्त अडॅप्टर. माउस हलवल्यावर किंवा स्क्रीन सरकवल्यावर बदलणारी बारीक चिंऽऽ असेल तर ती लॅपटॉप आणि यूएसबीची. मध्येच टर्र-टर्र-टर्र येऊन थांबत असेल तर मोबाइल लांब ठेवा. आणि नुसती एकसारखी सर्रर असेल तर ती हिस. एवढ्या गेनला थोडी हिस राहणारच, तिच्या मागे लागू नका.

हे इतकं महत्त्वाचं का

या संगीतात खरखर हवीच असते, पण ती आपण निवडलेली असावी लागते. नाइन इंच नेल्सच्या 1994 च्या ‘द डाउनवर्ड स्पायरल’वर गिटारचे आवाज संगणकात कापून, चिरडून, ओळखू न येण्याइतके बदललेले आहेत, तरी एखादा घाव पडल्यावर मागे जी पोकळी उरते तिचं वजन त्या घावाइतकंच आहे. पोकळीत हम भरला की यंत्र थांबल्यासारखं वाटतच नाही.

दुसरं कारण तांत्रिक आहे, आणि सगळ्या लेखातलं हेच मी सर्वात जोर देऊन सांगेन: हम डिस्टॉर्शनच्या आधी मारायचा, नंतर तो जात नाही. फझमध्ये 60 डेसिबल गेन सहज असतो, म्हणजे आत आलेला बारीकसा हमही हजारपट. शिवाय डिस्टॉर्शन दोन आवाज नुसते मोठे करत नाही, त्यांची बेरीज-वजाबाकी करून नवे आवाज तयार करतं. सहावी तार सी पर्यंत उतरवली असेल तर ती साधारण 65 हर्ट्झवर वाजते. तिच्यासोबत 50 चा हम आत गेला की 115 आणि 15 हर्ट्झचेही आवाज तयार होतात, जे तुम्ही वाजवलेच नाहीत. तुम्ही सूर बदललात की तेही बदलतात. मग कुठला फिल्टर कुठे लावणार? रिफ ‘चिखलासारखा वाटतो’ अशी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्या डीआय ट्रॅकमध्ये (डिस्टॉर्शन न लावता रेकॉर्ड केलेल्या कोऱ्या गिटारमध्ये) बऱ्याचदा हेच सापडतं.

फुकटातल्या तपासण्या

पहिली: हम रेकॉर्ड होतोय की फक्त ऐकू येतोय? दहा सेकंद काही न वाजवता रेकॉर्ड करा आणि तो ट्रॅक इंटरफेसच्या (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीच्या) हेडफोनवर ऐका. ट्रॅक स्वच्छ असेल आणि स्पीकरमधूनच घूं येत असेल, तर गिटारचा काही संबंध नाही. दोष इंटरफेस ते मॉनिटर (रेकॉर्डिंग ऐकायचे स्पीकर) या वाटेवर आहे. ही तपासणी वगळून लोक गिटारचे पिकअप (तारांचं कंपन पकडणारे भाग) बदलतात, म्हणून ती पहिली.

दुसरी: गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर न्या. शून्यावर पिकअपकडून येणारा सिग्नल ग्राउंडला जोडला जातो, म्हणजे पिकअपने पकडलेलं काहीही पुढे जाऊ शकत नाही. घूं बंद झाली तर ती पिकअपमधून येत होती. तशीच राहिली तर केबल, पेडल, इंटरफेस किंवा वीज. एका नॉबमध्ये अर्धी शक्यता बाद होते. माझ्याकडे कोणी फोनवर विचारलं तर मी आधी हेच करायला सांगतो.

पिकअपमधूनच येत असेल तर गिटार छातीशी धरून जागेवर हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं जवळजवळ नाहीशी होते का? तसं असेल तर खोलीतलं चुंबकीय क्षेत्र सिंगल कॉइल (एकाच गुंडाळीचा पिकअप) पकडतोय, आणि त्याच दिशेला तोंड करून वाजवणं हा पूर्णपणे वैध उपाय आहे. मॉनिटर, लॅपटॉपचा अडॅप्टर, इन्व्हर्टर यांच्यापासून दीड-दोन मीटर लांब बसा. स्ट्रॅटसारखी गिटार असेल तर सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर न्या. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असला तर दोन कॉइल एकमेकांचा हम खोडतात. हम्बकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, हेच काम कायम करतो, म्हणून जड आवाजासाठी तो बरा.

आता तारांना हात लावा. हात लावल्यावर झर्रर थोडी कमी झाली तर घाबरू नका, तुमचं अंग अँटेनासारखं आवाज पकडत होतं, ते आता ग्राउंडला जोडलं गेलं. पूर्णच गेली तर गिटारच्या आतलं शील्डिंग (बाहेरचा आवाज अडवणारं धातूचं अस्तर) कमी आहे, किंवा घरात अर्थिंग नाही. हात लावल्यावर वाढली तर जॅकवरच्या दोन तारा उलट्या जोडल्या असण्याची शक्यता मोठी. गिटार नुकतीच उघडली गेली असेल तर तिथेच बघा.

तिसरी तपासणी खोलीची. रेकॉर्डिंग चालू ठेवा, घरातल्या एकाला स्विचपाशी उभं करा आणि एकेक गोष्ट बंद करत जा, तोंडाने सांगत: ट्यूबलाइट, एलईडी, पंखा, राउटर, मोबाइलचे चार्जर. नंतर ट्रॅक ऐकला की कोणत्या शब्दानंतर आवाज पडला ते कळतं. यात सर्वात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. टकटक करत पायऱ्यांनी फिरणारा असतो तो बहुधा कपॅसिटरचा, आणि शांत. जो सलग फिरतो आणि 1 ते 5 च्या मध्ये कुठेही थांबतो, त्यात ट्रायक असतो. तो विजेचं प्रत्येक अर्धं चक्र मधूनच सुरू करतो, सेकंदाला 100 वेळा, आणि तीच झर्रर गिटारमध्ये येते. पंखा फुल केल्यावर आवाज कमी झाला आणि मधल्या वेगाला सर्वात वाईट झाला तर शंका उरतच नाही. वायरमनकडून पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवून घ्या, किंवा टेकपुरता (एका रेकॉर्डिंगपुरता) पंखा बंद ठेवा. मे महिन्यात घोडबंदर रोडच्या दहाव्या मजल्यावर ते सोपं नाही, हे मला माहीत आहे, तरी टेक छोटे ठेवा आणि करा.

गाळ्यात सराव करणाऱ्यांसाठी वेगळं. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत शेजारी मोटारी आणि वेल्डिंग असतं. एका बँडचा आवाज तुकड्या-तुकड्यांत यायचा, दोन-तीन सेकंद झर्रर आणि मग शांत. सगळी केबल बदलून झाली होती. मी दार उघडून बाहेर उभा राहिलो तेव्हा शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डिंगच्या ठिणग्या आणि आतली झर्रर एकाच वेळी येत होती. तिथे एकही उपकरण घ्यायचं नव्हतं. शिफ्ट सुटल्यावर गिटार रेकॉर्ड करायची आणि दिवसा ड्रम मशीन, सिंथ, सॅम्पल यांचं काम करायचं, एवढं ठरवलं. त्यांचे गिटार ट्रॅक त्याच गाळ्यात स्वच्छ आले.

चौथी: लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर रेकॉर्ड करा. चिंऽऽ लगेच गेली तर दोष चार्जर आणि ग्राउंडच्या वाटेत आहे. दोन पिनांच्या चार्जरमध्ये फिल्टरचे कपॅसिटर असतात, त्यांतून थोडी गळती लॅपटॉपच्या अंगावर येते आणि यूएसबीतून इंटरफेसपर्यंत पोचते. टेकपुरतं बॅटरीवर काम चालवणं हाही कायमचा उपाय होऊ शकतो, बरेच जण तसंच करतात.

पाचवी: इंटरफेसवरचं ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ बटण दाबलेलं आहे ना? गिटारच्या पिकअपला साधारण 1 मेगाओमचं इनपुट लागतं. लाइन इनपुटवर आवाज मंद आणि बोथट येतो, मग आपण गेन चढवतो आणि गेनसोबत कचराही चढतो. जोरात वाजवल्यावर डीआयची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास आली की पुरे.

थोडा खर्च

केबल. मागून-पुढून हलवून बघा, जॅकपाशी वाकवा. खर्रऽखट आलं तर तीच. मित्राची चांगली केबल आणून एकदा लावून बघा, विकत घेण्याआधी. पावसाळ्यात, विशेषतः खाडीच्या बाजूला, ऐरोलीपासून सीवूड्सपर्यंत, जॅकवर काळपट थर चढतो. प्लग काढून कॉन्टॅक्ट क्लीनरचा थोडा फवारा मारा, प्लग चार-पाच वेळा आत-बाहेर करा, वाळू द्या. गिटारचे नॉब फिरवताना खरखरत असतील तर त्यांनाही हेच.

नंतर विजेचा मार्ग. लॅपटॉप एका भिंतीवर, मॉनिटर दुसऱ्या भिंतीवर, अँप तिसऱ्या खोलीतून ओढलेल्या वायरवर, अशी मांडणी असली की प्रत्येकाच्या अर्थमध्ये किंचित फरक पडतो आणि तो फरक तुमच्या ऑडिओ केबलच्या शील्डमधून वाहतो. हाच ग्राउंड लूप. सगळं एकाच सॉकेटवरून, एकाच चांगल्या तीन पिनांच्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. एवढ्या सामानाला 6 अँपिअरचा पॉइंटही सहसा पुरतो, पण एसी किंवा गीझर त्या बोर्डावर नको. इंटरफेस ते मॉनिटर केबल बॅलन्स्ड घ्या, टीआरएस किंवा एक्सएलआर. पहिल्या तपासणीत दोष फक्त स्पीकरमध्ये निघाला असेल तर बहुतेकदा तो इथेच संपतो.

पेडल एकेक करून काढा. फझ एकट्याला 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. बॅटरीवर शांत आणि अडॅप्टरवर गोंगाट, म्हणजे फझ निर्दोष. एकाच अडॅप्टरवर साखळीने पाच पेडल, त्यात एखादं डिजिटल डिले, अशी जोडणी असली की डिजिटलची किणकिण फझमध्ये शिरते. वेगवेगळे आयसोलेटेड आउटपुट असलेला पॉवर सप्लाय यावर खरा उपाय. पेडलच्या बाबतीत पैसे घालायचेच असतील तर आधी इथे घाला.

गिटार उघडायची असेल तर आधी सगळं अनप्लग करा. जॅकची सोल्डर, आणि ब्रिजकडे जाणारी ग्राउंडची तार सुटलेली नाही ना, एवढं बघा. ब्रिजची तार तुटली असेल तर तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, ही तिची खूण. सोल्डरिंग येत असेल तर दहा मिनिटांचं काम. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवणं फायद्याचं आहे, पण पट्ट्या एकमेकींना आणि ग्राउंडला जोडलेल्या हव्यात, आणि जॅकच्या गरम टोकाला कुठेही टेकता कामा नयेत, नाहीतर गिटार मुकी होते. ही पट्टी झर्रर कमी करते. मेन्सच्या चुंबकीय घूंवर तिचा उपयोग नाही.

एवढं करूनही ग्राउंड लूप राहिला तर ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण. ते सिग्नलच्या शील्डचा दुवा तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही, म्हणून सुरक्षित. यूएसबी आयसोलेटर घेताना जपून. स्वस्त आयसोलेटर बऱ्याचदा 12 मेगाबिटच्या वेगावरच चालतात आणि यूएसबी 2 चे अनेक इंटरफेस त्यांवर धड चालत नाहीत.

मग गेट

आता गेटची वेळ. नेहमी कोरडा डीआय वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. गेट डिस्टॉर्शननंतर ठेवा, पण त्याची चावी, म्हणजे साइडचेन, कोरड्या डीआयला जोडा. डिस्टॉर्शन झाल्यावर मोठं-छोटं सगळं एका पातळीला येतं आणि गेटला सूर कुठे संपला तेच कळत नाही, डीआयमध्ये मात्र तो फरक शाबूत असतो. अटॅक 1 मिलिसेकंद किंवा कमी, रिलीज 30 ते 60, आणि यंत्राने छाटल्यासारखा काटेकोर तुकडा मिळतो. थोडा हम उरलाच असेल तर डी-हम प्लगइनही डीआयवरच लावा, 50 हर्ट्झला, अँप सिमच्या आधी. तिथे तो अजून नुसता मिसळलेला असतो, गुंफला गेलेला नसतो, म्हणून स्वच्छ निघतो. आणि हे चार ट्रॅक एकावर एक रचण्याआधी करा. प्रत्येक टेकमध्ये हमची फेज (लहरीची वेळ) वेगळी असते, चार थरांत तो कुठे वाढतो, कुठे डुलतो, आणि वाईट जुळला तर चौपट होतो.

इथे थांबा आणि वायरमनला बोलवा

झिणझिण्या, जळका वास, गरम होणारा प्लग, पुन्हा पुन्हा पडणारा एमसीबी किंवा ईएलसीबी (वीज आपोआप तोडणारे स्विच): यातलं काहीही असेल तर. लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन बोलवा आणि त्याला ‘गिटारचा आवाज येतो’ असं सांगू नका, ‘या सॉकेटचं अर्थिंग तपासून द्या’ असं सांगा. मीटर लावून फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ दोन्ही 230 व्होल्टच्या जवळपास यायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. हे मोजमाप त्यालाच करू द्या. बाजारात तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, तो तुम्ही लावू शकता. तार तुटली असेल तर तो दाखवतो, पण अर्थ कमकुवत असेल तर दाखवत नाही, म्हणून त्याच्या हिरव्या दिव्यावर निर्धास्त होऊ नका.

नेरूळच्या एका जुन्या इमारतीत असंच झालं. मुलाचं दोन केबल आणि एक पॉवर सप्लाय घेऊन झालं होतं, लॅपटॉपला हात लावला की मुंग्या यायच्या. वायरमन काकांनी मेन बंद करून बोर्डाची प्लेट काढली. मोठ्या पिनेच्या मागचा स्क्रू रिकामा होता. हिरवी तार होती, पण पाइपच्या तोंडाशी दुमडून, काळी टेप गुंडाळून ठेवलेली. कपाट बसवताना बोर्ड सरकवला असावा आणि तार अपुरी पडली असावी. काकांनी तुकडा जोडला, खाली मीटर रूमपर्यंत अर्थ सलग आहे ना ते बघितलं, आणि मगच मेन चालू केला. मुंग्या गेल्या, घूंही गेली.

काही जुन्या घरांत भिंतीत अर्थची तार ओढलेलीच नसते. मग कोणी सुचवेल की सॉकेटमध्येच अर्थ आणि न्यूट्रल जोडून टाकू. ठाम नकार द्या. वाटेत न्यूट्रल तुटली तर 230 व्होल्ट थेट तुमच्या गिटारच्या तारांवर येतात. नळाच्या पाइपला अर्थ जोडणं, हम जातो म्हणून प्लगची मोठी पिन कापणं, तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावणं, हेही अजिबात नको. गायक माइक ओठांना लावून गिटार वाजवतो तेव्हा त्याचं शरीर दोन उपकरणांच्या मध्ये येतं, आणि अशा जोडणीत धक्का बसून वादकांचे जीव गेलेले आहेत.

व्हॉल्व्ह अँप आतून उघडू नका. त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात. अँपला केबल न लावताही, व्हॉल्यूम शून्यावर असताना तो 100 हर्ट्झवर घुमत असेल तर आतले फिल्टर कपॅसिटर थकले असण्याची शक्यता आहे. ते काम व्हॉल्व्ह अँप दुरुस्त करणाऱ्याचं. आणि तपासात दोष सोसायटीच्या मीटर रूमपर्यंत गेला, तर स्वतः खाली जाऊन पॅनेल उघडू नका. सेक्रेटरींना लेखी कळवा, वायरमनने मोजलेले आकडे सोबत जोडा, आणि तोवर लॅपटॉप बॅटरीवर, फझ 9 व्होल्टच्या बॅटरीवर आणि कानात तारेचा हेडफोन घेऊन काम चालू ठेवा.